मुर्डीची शाळा आणि केंब्रिजची यादी

काही परके शब्द मराठीत येतात आणि माणसाच्या नावाला कायमचे चिकटतात. ‘रँग्लर’ हा त्यांपैकीच एक. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा, हुज्जत घालणारा असा आहे. केंब्रिज विद्यापीठात एके काळी तोंडी वादविवादाने परीक्षा होत असे, त्या काळातून तो उरला आणि पुढे गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला लावला जाऊ लागला. मराठी माणसाने मात्र त्याला थेट आडनावाच्या आधी बसवले. रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी आजही तशीच येतात. आमच्याच बेळगाव जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात जन्मलेले आणि पुढे कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झालेले दा. चिं. पावटे हेही रँग्लर. ते कन्नडभाषक, तरी इकडच्या मराठी घरांतूनही त्यांचा उल्लेख त्याच पदवीने होई. पण नुसते ‘रँग्लर’ म्हटले की ज्यांची आठवण व्हावी ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

भाषा विशेषांकात गणितज्ञाचे चरित्र कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, सीमाभागातील आमच्या सभासंमेलनांतून परांजप्यांचे नाव वरचेवर घेतले जाते. मराठी शाळेत शिकलेला मुलगा केंब्रिजला पहिला आला, मग तुम्ही तुमची मुले मराठी शाळेतून का काढता, असा तो युक्तिवाद असतो. मराठी शाळा टिकवण्याच्या कामात आम्ही अनेक वर्षे आहोत. त्यामुळे हा युक्तिवाद ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही असतो. परंतु शिक्षक या नात्याने आम्हाला असे वाटते की, ज्याचा दाखला द्यायचा त्याचे आयुष्य नीट माहीत असावे. परांजप्यांचे आयुष्य त्या टाळीत मावण्याइतके सोपे नाही.

त्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावचा. समुद्राकाठचे लहानसे गाव. नारळी-पोफळी, भाताची खाचरे, आणि शिकलेल्या माणसाला मुंबई-पुण्याकडे पाठवणारी घरे. त्या वेळच्या मराठी शाळेत मुलगा अक्षरओळखीबरोबर पाढे शिके. पाढे म्हणजे नुसते दोन ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी सारी अपूर्णांकांची पाठांतरे त्यात असत. साडेतीनाच्या पटीला औटकी म्हणतात हे आजच्या सातवीतल्या मुलाला सांगावे लागते. शिक्षणशास्त्राच्या पदवीला आम्हाला शिकवले गेले की अपूर्णांक ही मुलांना सर्वांत कठीण जाणारी गोष्ट आहे. ते खरेच आहे. पण बाजारात आणि शेतसाऱ्यात रोज लागणारे अपूर्णांक त्या काळच्या मुलाला घरच्या भाषेत तोंडपाठ असत, आणि पुढे इंग्रजी पुस्तकात भेटल्यावर ते त्याला अनोळखी वाटत नसत. मुर्डीच्या मुलाने केंब्रिजला नेलेली मराठीची शिदोरी असेल तर ती ही होय. ती लहान नव्हती. पण संपूर्ण जेवण तेवढेच होते, असे म्हणणे बरोबर होणार नाही.

मुर्डीपासून काही मैलांवर मुरूड. तेथले धोंडो केशव कर्वे हे परांजप्यांचे नात्याने भाऊ, वयाने अठरा वर्षांनी वडील. महर्षी कर्वे म्हटले की आपल्याला हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ आठवते. ते मुळात गणिताचे पदवीधर होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी हे कर्वे मुरूडहून सातारपर्यंत पावसापाण्यात घाट चढून पायी गेले होते, आणि तेथे वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नव्हते. ती हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पुढे त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन पदवी मिळवली आणि शाळांतून शिकवून प्रपंच चालवू लागले. नात्यातल्या या हुशार मुलाला त्यांनी आपल्याकडे मुंबईस नेले आणि मराठा हायस्कुलात घातले. कोकणातल्या मुलाची बुद्धी गावातच विरून जाण्याची शक्यता फार मोठी होती. ती गेली नाही याचे श्रेय आधी कर्व्यांना द्यावे लागेल. पहिल्या पिढीतला एक पदवीधर दुसऱ्याला हात देऊन वर घेतो, ही गोष्ट आमच्या खेड्यांतून आजही घडताना दिसते, आणि सरकारी योजनांपेक्षा ती पुष्कळदा अधिक कामाला येते.

१८९१ हे वर्ष दोघांच्याही आयुष्यात महत्त्वाचे ठरले. परांजपे मॅट्रिक झाले. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या प्राध्यापकाची जागा कर्व्यांना मिळाली, आणि ती देऊ करणारे होते गोपाळ कृष्ण गोखले. ही जागा रिकामी का झाली होती? तर लोकमान्य टिळक १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडून गेले होते आणि तोवर फर्ग्युसनात गणित तेच शिकवीत. थोडे मागे गेलो तर या टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवले ते केरूनाना छत्रे यांनी. केरूनानांकडे विद्यापीठाची पदवीच नव्हती, कारण ते शिकले तेव्हा मुंबई विद्यापीठ निघायचे होते. ते १८५७ साली निघाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या नोकरीपासून सुरुवात करून ते प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले, आणि त्यांनी मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ लिहिला. केरूनाना, मग टिळक, मग कर्वे, आणि त्यांच्यापुढे वर्गात बसलेले परांजपे, अशी ही मालिका आहे. तिच्यात गोखल्यांनाही धरले पाहिजे. इतिहास आणि अर्थशास्त्राकडे वळण्यापूर्वी त्यांनीही गणित शिकवले होते, आणि त्यांचे इंग्रजी अंकगणित कितीतरी वर्षे शाळांतून चालले. गोखल्यांचे शालेय शिक्षण आमच्या शेजारच्या कागल आणि कोल्हापुरात झाले, हे या भागातील वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. महाराष्ट्राच्या राजकारणाचे आणि समाजकारणाचे हे सारे पुढारी एका काळी फळ्यासमोर खडू घेऊन उभे होते, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना मोठी सुखावणारी आहे. असो.

फर्ग्युसनात परांजपे काय भाषेत शिकले? इंग्रजीत. हायस्कुलात काय भाषेत शिकले? तेथेही वरच्या इयत्तांत इंग्रजीतच. मराठी शाळेचे पहिले वर्ग सोडले तर पुढचा सारा प्रवास परभाषेतला होता, आणि मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून तर मराठी विषय म्हणूनही बाहेर घालवलेली होती. ती परत यावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत खटपट करावी लागली. तेव्हा परांजपे मराठी माध्यमातून केंब्रिजला गेले असे आमचे वक्ते सांगतात, ते अर्धेच खरे आहे. खरे काय ते असे की, पाया घरच्या भाषेत घातला गेला आणि नंतर इंग्रजीत शिकवणारे गुरू असे मिळाले की ज्यांना मुलाची घरची भाषाही येत होती. कर्व्यांना मुलाची अडचण समजली तर ती कोकणातल्या मराठीत सोडवता येत होती. आमच्या मते यातली दुसरी गोष्ट आज अधिक दुर्मीळ झाली आहे. सीमाभागातली दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी अकरावीला विज्ञान घेते तेव्हा गणित बदलत नाही, शब्द बदलतात. लघुकोन, अंश, छेद, समीकरण, लसावि या सगळ्यांची नावे एका जून महिन्यात पालटतात, आणि वर्गात तिच्या भाषेत विचारावे असे कोणी नसते. पहिले तीन महिने ती गप्प बसते. त्या गप्प बसण्याला गणितातली कच्ची मुलगी असे नाव पडते. आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत अशा मुलांसाठी काही आठवड्यांचा वर्ग घेतो, त्यात दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. यापलीकडे त्यात काही विशेष नाही, तरी उपयोग होतो.

परांजपे विद्यापीठाच्या परीक्षांत सतत वरच्या क्रमांकाने पास होत गेले आणि १८९४ साली बी.एस्सी. झाले. हिंदुस्थान सरकारची विलायतेची शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. पदवी घेतलेला माणूस पुन्हा पदवीच्या वर्गात बसतो हे आज चमत्कारिक वाटेल. पण त्या काळी मुंबईची पदवी आणि केंब्रिजची गणिताची परीक्षा यांत फार मोठे अंतर होते.

ही परीक्षा म्हणजे ट्रायपॉस. तिच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय परांजप्यांच्या यशाचे माप लागत नाही. तीन वर्षे अभ्यास करायचा आणि मग काही दिवस ओळीने सीनेट हाऊसमध्ये बसून लेखी उत्तरे द्यायची. प्रश्न दोन जातींचे असत. एक, पुस्तकातली सिद्धता जशीच्या तशी मांडण्याचे. दुसरे, नवे आणि अवघड उदाहरण सोडवण्याचे. घड्याळाशी झगडत जो जास्तीत जास्त सोडवील तो वर जाई. त्यासाठी कॉलेजातल्या व्याख्यानांवर कोणी विसंबत नसे. खाजगी शिकवणीचे गुरू असत, पैसे घेऊन तयारी करून घेत, जुने प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवायला लावीत. आजच्या प्रवेशपरीक्षांच्या क्लासेसना नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या एका थोर विद्यापीठात हेच चालत होते.

निकाल गुणानुक्रमे लागे. पहिल्या वर्गात रँग्लर, दुसऱ्यात सीनियर ऑप्टिमी, तिसऱ्यात ज्युनियर ऑप्टिमी. यादी सीनेट हाऊसमध्ये मोठ्याने वाचली जाई, आणि सर्वांत शेवटी पास होणाऱ्याला त्याचे मित्र भला मोठा लाकडी चमचा थट्टेने बहाल करीत. पहिल्या वर्गात जो पहिला तो सीनियर रँग्लर. त्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून येई. विजेच्या आणि चुंबकाच्या शास्त्राचा पाया घालणारे मॅक्सवेल १८५४ साली दुसरे आले होते. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ख्यात झालेले विल्यम थॉमसन तेही १८४५ साली दुसरेच. १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीला पहिल्या आलेल्या पुरुषाहूनही अधिक गुण पडले होते, पण स्त्रियांना यादीत स्थान नव्हते आणि पदवीही नव्हती. तेव्हा ती सीनियर रँग्लरच्या वर, एवढेच जाहीर झाले. हिंदी माणसांत रँग्लर होण्याचा पहिला मान १८७४ साली बंगालच्या आनंदमोहन बोस यांनी मिळवला होता. पहिल्या जागेवर मात्र कोणी हिंदी विद्यार्थी पोहोचला नव्हता.

परांजपे केंब्रिजला असताना इकडे पुण्यात प्लेग पसरला होता. १८९७ च्या जूनमध्ये रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. गोखले त्याच सुमारास वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्यातल्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी त्यांनी तेथे केलेली विधाने परत आल्यावर मागे घ्यावी लागली. पुणे आणि पुण्याचा ब्राह्मण ही नावे इंग्रज वाचकाला संशयाने भरून टाकणारी होती. अशा दिवसांत फर्ग्युसनातून आलेला एक विशीतला तरुण सेंट जॉन्समध्ये उदाहरणे सोडवीत बसला होता. आम्हाला परांजप्यांचे यश या पार्श्वभूमीवर पाहावेसे वाटते.

१८९९ साली निकाल लागला. पहिल्या जागेवर दोन नावे होती, समान गुणांची म्हणून एकाच कंसात बांधलेली. एक सेंट जॉन्सचे परांजपे, दुसरे पेंब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल. हिंदुस्थानात ही बातमी पसरली तेव्हा झालेल्या आनंदाची कल्पना आज करणे अवघड आहे. तीन वर्षांपूर्वी रणजितसिंहजींनी इंग्लंडकडून कसोटी खेळून मैदानावर जे केले होते, ते आता परीक्षेच्या दालनात झाले होते. इंग्रजांच्या स्वतःच्या कसोटीवर, त्यांच्याच भाषेत. एकट्याचा पहिला नंबर नव्हता हे आमचे लोक सांगायचे विसरतात. आम्हाला मात्र तो कंस महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे त्यातल्या दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या.

बर्टविसल केंब्रिजमध्ये राहिले. १९२०-३० या दशकात पुंज सिद्धांत नवा होता, तेव्हा त्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली. परांजप्यांनाही ती वाट बंद नव्हती. पॅरिस आणि गॉटिंगेन येथे त्यांनी काही काळ अभ्यास केला. गॉटिंगेनला तेव्हा क्लाइन आणि हिल्बर्ट होते, म्हणजे गणिताची त्या काळची राजधानीच. १९०१ साली सेंट जॉन्सने त्यांना फेलो म्हणून निवडले. यापुढे सरकारी शिक्षणखात्यात किंवा अन्यत्र ते शेकड्यांनी पगार मिळवू शकले असते. ते परत पुण्याला आले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे सेवेचे बंधन, पगार महिना ७५ रुपये. १९०२ साली, सव्वीस वर्षांचे असताना, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांचे नाव या कॉलेजाशी जोडले गेले.

प्राचार्य झाले तरी गणिताचा वर्ग त्यांनी सोडला नाही. त्यांचा कारभार सर्वांना रुचला असे नव्हे. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली तेव्हा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना त्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. त्यावरून त्यांच्यावर कडक टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत टिळकही होते. परांजपे गोखल्यांच्या बाजूचे, नेमस्त. देवाधर्मावर त्यांचा विश्वास नव्हता आणि ते तो लपवीतही नसत. बहुतेक लेखन त्यांनी इंग्रजीत केले. भाषेच्या चळवळीचे ते पुढारी नव्हते. आमच्या व्यासपीठावरून त्यांना मराठीचा झेंडेकरी करणे त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यांना ते आवडलेही नसते.

तरीही आमच्या भागाचे त्यांच्याशी नाते आहे, आणि ते घोषणेतले नाही, शाळा-कॉलेजातले आहे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या. गावात कॉलेज नव्हते. लिंगराज कॉलेज निघाले ते १९३३ साली. तोवर पदवी घ्यायची तर घर सोडावे लागे, आणि पुण्याचे फर्ग्युसन हा अनेकांचा मुक्काम असे. परांजपे प्राचार्य असतानाच, १९१९ साली, सोसायटीने सांगलीजवळ विलिंग्डन कॉलेज काढले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या मुलांना पुण्यापर्यंत जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. बेळगाव, चिकोडी, अथणीकडची किती घरे विलिंग्डनमुळे शिकली! ज्याला स्वतःला शिकायला मुर्डीहून मुंबई, मुंबईहून पुणे आणि पुण्याहून सातासमुद्रापलीकडे जावे लागले, त्याच्या कारकिर्दीत कॉलेज मुलांच्या दिशेने काही मैल सरकले.

१९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा याच काळातला. प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचा आणि शिक्षण सक्तीचे करण्याची वाट मोकळी करण्याचा तो कायदा आमच्याही जिल्ह्याला लागू होता. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडून हार पत्करली होती, त्या कामातला एक तुकडा त्यांच्या तरुण मित्राने इलाख्यापुरता पुढे नेला.

राहिलेल्या पदांची यादी लांब आहे, ती भराभर सांगतो. १९२७ ते १९३२ लंडनला इंडिया कौन्सिलचे सभासद, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हाय कमिशनर, आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कन्या शकुंतला याही केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गणितच शिकल्या. त्या शिकत होत्या तेव्हाही तेथे स्त्रीला पूर्ण पदवी मिळत नव्हती, ती मिळू लागली १९४८ साली. कुटुंबनियोजनाच्या कामात आणि राज्यसभेत त्यांनी नाव मिळवले. चित्रपट-नाट्यदिग्दर्शिका सई परांजपे त्यांच्या कन्या.

एक प्रश्न उरतो, आणि तो आमचे विद्यार्थीच विचारतात. एवढा गणिती, मग त्याचा सिद्धांत कोणता? परांजप्यांच्या नावाने एखादे मोठे प्रमेय नाही. ट्रायपॉसवर टीका करणारे नेमके हेच म्हणत. १८९८ च्या यादीत चौथे आलेले जी. एच. हार्डी यांचे मत असे होते की, या शर्यतीने इंग्लंडातले खरे गणित मागे पडले. त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी गुणानुक्रमाची यादीच १९०९ नंतर बंद झाली. पुढे याच हार्डींनी मद्रासच्या श्रीनिवास रामानुजन यांना १९१४ साली केंब्रिजला बोलावून घेतले. रामानुजन कॉलेजच्या पहिल्याच पायरीवर नापास झालेले. त्यांना १९१६ साली संशोधनावर पदवी मिळाली. दोघांची तुलना केली तर प्रतिभेच्या तराजूत परांजपे हलके ठरतील, यात शंका नाही. पण आमच्या मते तराजू चुकीचा आहे. रामानुजन घडवता येत नाहीत. बी.एस्सी.चा गणिताचा वर्ग मात्र घडवता येतो, आणि १९०२ सालच्या महाराष्ट्रात तो चालवायला युरोपातले नवे गणित डोळ्यांनी पाहिलेला माणूस मिळणे फार दुर्मीळ होते. परांजप्यांनी स्वतःचे गणित काही अंशी गमावले असे आम्हालाही वाटते. ते त्यांनी समजून उमजून गमावले.

वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, १९६१ साली, त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत निघाले. त्याच्या नावात त्यांनी चौऱ्याऐंशी धावांवर नाबाद असल्याचे क्रिकेटच्या भाषेत सांगून टाकले. ६ मे १९६६ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

फर्ग्युसनात गणिताच्या स्वतंत्र कामासाठी त्यांच्या नावाचे एक पारितोषिक होते. १९२७ साली ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळाले. कापरेकर १९२९ साली बी.एस्सी. झाले, त्यापुढे शिकले नाहीत, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या आकड्यांच्या छंदाला विद्वानांनी बराच काळ हसण्यावारी नेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या विज्ञानमासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा कुठे नाव झाले. १९८६ साली ते वारले. त्यांचा गाजलेला अंक ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि मग तेथेच राहते.

आम्ही वर्गात हे करून घेतो तेव्हा परांजप्यांच्या निकालाचे साल देतो, १८९९. ९९८१ मधून १८९९ वजा केले की ८०८२. मग ८८२० मधून ०२८८ वजा, ८५३२. मग ८५३२ मधून २३५८ वजा, ६१७४. तीन पायऱ्या. नंतर प्रत्येक मूल आपले जन्मसाल घेऊन बसते, आणि वजाबाकीतले हातचे तोंडाने मोजताना मराठी, कन्नड, उर्दू अशी ज्याची त्याची घरची भाषा वर्गात ऐकू येते.